आपट्याच्या शेंगा वाळेपर्यंत

साताऱ्याला गेलेला माणूस कंदी पेढे घेऊन परत येतो. मी गेलं दीड वर्ष साताऱ्याहून राग घेऊन परत येतोय. पेढे चार घरी वाटले की संपतात तरी. राग वाटला तर लोक म्हणतात, "बसा, पाणी प्या." मी पाणीही पिऊन पाहिलं. म्हणून आता लिहितो.

माझा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना आहे. पंपांवर, मोटारींवर नाव-नंबर कोरलेली जी पत्र्याची पट्टी असते, ती आम्ही करतो. झाडांशी माझा संबंध एवढाच, की कारखान्याच्या दारात एक बाभूळ आहे आणि तिच्या सावलीला गाडी लावण्यावरून कामगारांची रोज सकाळी भांडणं होतात. असा माणूस वनस्पतींच्या बागेत शिकायला जातो म्हटल्यावर काय होणार होतं, ते झालं.

थोरली बहीण शालन, आमची आक्का, साताऱ्याला दिलेली. तिच्या घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, डोंगराच्या उतारावर एक सरकारी बाग आहे. बाग म्हणजे कारंजी, घसरगुंडी, रंगीत दिवे असली नव्हे. एकेका जातीची झाडं, वेली, झुडपं लावून, जपून ठेवलेली आणि कुणीही यावं, बघावं, शिकावं म्हणून फाटक उघडं. शिकायला फारसं कुणी येत नाही. लोक कशाला येतात, ते पुढं कळेलच.

आषाढ

सांगलीहून एसटीनं निघालो. उंब्रजला गाडी थांबली तेव्हा पावसात भिजत कांदाभजी खाल्ली, तोंड भाजलं, आणि तोंड भाजलेल्या अवस्थेतच साताऱ्याला उतरलो. आमच्या सांगलीचा पाऊस वरून खाली पडतो. साताऱ्याचा आडवा येतो. स्टँडबाहेर छत्री उघडली, तशी ती उलटी होऊन तिची परात झाली. न्यायला आलेले दाजी शांतपणे म्हणाले, "सांगलीची छत्री हाय व्हय? हितं न्हाई चालत." आणि स्वतःच्या डोक्यावरचं पोतं नीट करून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बागेत नेलं. झाडं मला सगळी हिरवी दिसली, यापलीकडं काही सांगता येणार नाही. मला दिसल्या त्या पाट्या. गंजलेल्या, रंग उडालेल्या, काही उताण्या पडलेल्या. माझ्या धंद्याची अशी विटंबना मी कधी पाहिली नव्हती. मी तिथल्या तिथं छातीवर हात ठेवून जाहीर केलं की या बागेला पाट्या मी देणार, फुकट देणार, न गंजणाऱ्या पत्र्याच्या देणार.

दिल्याही. आषाढ संपायच्या आत पिशवीभर पाट्या आणि हातोडा घेऊन हजर झालो आणि एका ओळीत धडाधड ठोकत सुटलो. हिरडा झाला, बेहडा झाला, अर्जुनाला दुसरा खिळा मारतोय तोवर मागून आवाज आला.

"काय चाललंय?"

रेनकोटातल्या एक ठेंगण्या बाई. चष्म्यावर पावसाचे थेंब. या बागेच्या प्रमुख, बर्गे मॅडम.

"पाट्या, मॅडम! बघा हलवून. जन्मात हलणार नाहीत."

"तुमच्या छातीवर असाच खिळा मारून तुमचं नाव लावू का? तेही हलणार नाही."

सगळे खिळे मला माझ्याच हातांनी उपटायला लावले. प्रत्येक खिळ्याबरोबर सालीतून थोडा रस यायचा आणि मॅडम माझ्याकडं अशा बघायच्या, की मी कुणाचा तरी दात उपटतोय. शेवटी म्हणाल्या, "पाटीला स्वतःचे पाय द्या. झाडाच्या पाठीवर बसवू नका. आणि खरंच शिकायचं असेल तर सगळी बाग बघू नका. एक झाड घ्या. वर्षभर त्याच एकाकडे या."

मला वाटलं, चंदन देतील, नागकेशर देतील. दिला आपटा. वाकडं खोड, खरबरीत काळपट साल, माझ्या दीडपट उंच. पानं मात्र बघत राहावी अशी, गाईच्या खुरासारखी मधून दुभंगलेली. आणि पानांच्या आड लोंबणाऱ्या हिरव्या, चपट्या, किंचित वाकलेल्या शेंगा.

"या शेंगा बघून ठेवा," मॅडम म्हणाल्या. "हे झाड ज्याच्या बियांपासून आलं, तो जुना आपटा रस्ता रुंद करताना गेला. डोंगरातले वणव्यात चाललेत. मला याचं बी हवंय. शेंग झाडावरच वाळायला लागते, पार थंडीपर्यंत. पण मध्ये दसरा येतो. फुलायला लागल्यापासून एकदाही शेंग वाळलेली मी पाहिली नाही. दर दसऱ्याला लोक पाल्याबरोबर फांद्याही नेतात."

"बी मिळालं तर काय कराल?"

"रोपं करीन. परड्यापरड्यात वाटीन. प्रत्येकाच्या दारात आपटा झाला तर माझ्या झाडाला कोण हात लावेल?"

इतकी साधी गोष्ट. एका झाडाला थंडीपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मला वाटलं, यात अवघड काय आहे?

श्रावण

मी पाट्यांना लोखंडी पाय केले आणि ओळीनं रोवले. लांबून बघताना बाग शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी दिसायची. मी सकाळी आक्काच्या हातची पुरणाची दिंडं तुपात बुडवून खायचो आणि पोट सांभाळत स्वतःच्या पाट्या बघायला जायचो. झाडं बघायला जातो असं आक्काला सांगायचो.

श्रावणातल्या एका सोमवारी बेलाजवळ एक गृहस्थ भेटले. पांढरा पायजमा, कपाळाला भस्म, हातात लांब काठीला बांधलेला कोयता. पाटीवर बोट ठेवून फोनवर कुणाला तरी सांगत होते, "आरं गावला बेल! पाटीच लावलीया. कुनी लावली, लय पुण्य लागंल त्याला."

मी पुण्य घ्यायला पुढं झालो. "मीच लावली."

"व्हय का? लय ब्येस काम केलं बगा," म्हणाले, आणि माझ्यासमोर कोयता अडकवून हातभर जाडीची फांदी खाली ओढली. त्यातली मूठभर पानं तोडली, बाकी फांदी तिथंच चिखलात टाकली आणि हात जोडून निघून गेले. हात बेलाला जोडले की मला, ते कळलं नाही.

बागेचा राखणदार बिरू धावत आला. हा माण तालुक्यातल्या धनगरवाड्यावरचा. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं, आता खाकी शर्ट आणि काठी मिळाली आहे. काठी तो उगारतो, पण मारत नाही, आणि हे सगळ्या साताऱ्याला माहीत आहे.

"बिरू, अडवायचं नाही का त्याला?"

"आवं सायेब, द्येवाचं काम हाय म्हंत्यात. आडवू कसं? माजी शेरडं परवडली. शेरडू पोटापुरतं खातं. फांदी मोडून घरी न्हाई न्हेत."

श्रावण सोमवार झाला, मंगळागौर झाली, गणपती आले. पत्रीसाठी शमी गेली, डाळिंब गेलं, आघाडा मुळासकट गेला. पूर्वी लोकांना झाड ओळखता येत नव्हतं म्हणून निम्मी बाग वाचायची. आता माझ्या पाट्या वाचून बायाबापड्या भाजी मंडईत फिरावं तशा फिरत होत्या. "अगं, धोतरा पलीकडल्या वळणावर!"

मला या लोकांचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही. ज्या झाडाला उन्हाळ्यात तांब्याभर पाणी घालायला चिटपाखरू येत नाही, त्याच्याकडं सणाच्या दिवशी कोयते घेऊन रांग. देवाला वाहायला हवं, तर कुंडीत एक रोप लावावं, त्यातलं पान तोडावं. पण नाही. पान फुकट हवं, पुण्य सगळं हवं, आणि चिखलात पडलेली फांदी उचलायला सरकार हवं. आणि कुणी बोललं की लगेच, "देवाच्या कामाला नाही म्हणता?" अहो, देवाचं काम देवळात करा. फांदी मोडणं हे कोयत्याचं काम आहे.

मॅडम माझ्यासारख्या ओरडत नाहीत. फार राग आला की त्या चष्मा काढून पुसतात. त्या दिवसांत चष्मा लखलखीत होता. एकदा मला म्हणाल्या, "आपट्याची पाटी तयार आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"दसरा होईपर्यंत लावू नका. कुणाला कळायला नको, हे झाड आपट्याचं आहे."

मी शब्द दिला. आणि पाटी मी खरंच लावली नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

नवरात्र

आक्काचे नवरात्रात कडकडीत उपवास. मी उपवास करत नाही, पण तिच्या घरी असलो की साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस एवढ्यावर भागवतो. असाच भागवत बसलो होतो आणि तोंडाला कुलूप घालण्याची वेळ असताना मी ते उघडलं.

निमित्त आक्कानंच दिलं. म्हणाली, "औंदा बाजारातनं सोनं आणताना मोठी पानं बघून आन रं."

झालं! मी आता चार महिने बागेत शिकलेला माणूस. खिचडीचा हात तसाच हवेत. "आक्का, मोठी पानं म्हणजे कांचन! बाजारात सगळे कांचन विकतात. तुम्ही जन्मभर खोटं सोनं वाटताय. आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत. थांब, दाखवतो." आणि फोनमधला फोटो दाखवला. पानाशेजारी माझा अंगठा, कारखान्याच्या प्रेसमध्ये सापडून नख काळं पडलेला, मापाला म्हणून ठेवलेला. "हा खरा! बागेत, तळ्याच्या वरच्या अंगाला, वाकडं झाड."

"खरंच की," आक्का म्हणाली. "पाठव बरं मला त्यो फोटू."

पाठवला. वर खाली दोन ओळींत कांचन आणि आपट्यातला फरकही लिहिला. शिवाय आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, कारण मामेभावानं कधी माझं कौतुक केलं नव्हतं. त्यानं टाळ्यांची चित्रं पाठवली. मी समाधानानं सांगलीला परतलो.

दसरा

खंडेनवमीला मी कुपवाडला असतो. त्या दिवशी कारखाना बंद, प्रेसला झेंडूचा हार, हातोड्यांना हळदकुंकू, कामगारांना पेढे. हत्यारांची पूजा आटोपून दसऱ्याला पहाटेच्या गाडीनं निघालो आणि झाडाची राखण करायला सकाळी बागेत पोचलो.

झाडाच्या खालच्या फांद्या आदल्या दिवशीच गेल्या होत्या. मोडलेल्या जागा पांढऱ्या दिसत होत्या. बिरू काठी टेकून उभा होता.

"सायेब, कालपास्नं लोकं सरळ हिकडंच येत्यात. कुनी इचारत बी न्हाई. फोनात बघत्यात आन येत्यात."

तेवढ्यात एक कुटुंब आलं. नवे कपडे, हातात पिशव्या. त्यातल्या दादल्यानं फोन माझ्यापुढं धरला. "काका, खरा आपटा हाच का?"

फोनवर माझा अंगठा होता.

काळ्या नखाचा. खाली माझ्याच दोन ओळी. मी अंगठा मुठीत लपवला. "नाही. हे ते नाही. हे कांचन आहे."

"असं कसं? हितं लिवलंय की, पान लहान, जाड, खरखरीत." त्यानं पान चोळून बघितलं. माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. अडाणी माणसाकडं बघावं तसं पाहिलं. "तुम्हाला झाडातलं काय कळत न्हाई वाटतं."

मग लोंढाच आला. मी आडवा गेलो, ओरडलो, शेंगांचं सांगितलं, बीचं सांगितलं, हातापाया पडलो. एका पोक्त माणसानं मला बाजूला सारून डहाळी मोडली आणि त्यातलीच दोन पानं माझ्या हातात ठेवून मला वाकून नमस्कार केला. "सोनं घ्या, काका." सणाच्या दिवशी माणूस पाया पडलेला. त्याला शिवी कशी देणार? शेवटी मी झाडाला मिठी मारली, तर कुणीतरी माझ्या खांद्यावर पाय देऊन वरची फांदी ओढली. शर्ट फाटला. त्या फांदीबरोबर शेवटच्या शेंगा गेल्या.

मॅडम आल्या तेव्हा झाड हाडांसारखं उभं होतं. चष्मा काढला, पण पुसला नाही, तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. "मॅडम," मी म्हणालो, "तो फोटो…"

"पाहिला. मलाही आलाय तो."

संध्याकाळी आक्काच्या घरी गेलो. दारात झेंडूचं तोरण, आत श्रीखंडाचा वास. आक्कानं ओवाळलं आणि माझ्या तळहातावर पानं ठेवली. "घे. औंदा खरं सोनं हाय. तू सांगितल्यावर भजनी मंडळाला घेऊन कालच जाऊन आले. घरटी एकेक फांदी वाटली. समद्या म्हणत्यात, शालन, तुजा भाऊ लय हुशार."

पानांच्या देठाशी एक हिरवी शेंग होती.

मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. आक्काही गप्प बसणारी नव्हे. "पत्ता कुनी दिला? फोटू कुनी पाठवला? खोटं सोनं वाटताय म्हणून माज्या जल्माचं वाटप कुनी खोटं पाडलं? आणि आता म्हंतो, झाडाला हात का लावला!"

"मी ओळखायला सांगितलं होतं! तोडायला नाही!"

"सोनं वळखून काय करत्यात रं? वाटीत बसवून बघत्यात व्हय?"

तिचं सगळं खरं होतं, म्हणून तर मी जास्त भडकलो. ताटावरून उठलो आणि फाटक्या शर्टानं स्टँडवर गेलो. उंब्रजला पोचेपर्यंत भुकेनं जीव गेला. गार वडापाव खाताना समोरच्या बाकावरच्या एका म्हातारबाबांनी माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली. बघितली. कांचन होतं. त्या दिवसातलं तेवढंच एक मला बरं वाटलं.

माघ

थंडीत साताऱ्याचा डोंगर पिवळा पडतो. आपट्याची उरलीसुरली पानं गळली होती. मी आक्काच्या घरी न जाता परस्पर बागेत गेलो होतो. माझ्या डोक्यात एक बेत शिजला होता.

"मॅडम, आपट्याला पाटी लावू, 'कांचन' म्हणून. आणि 'आपटा' ही पाटी लावू खाजकुयलीच्या वेलाशेजारी. पुढच्या दसऱ्याला सगळं शहर खाजवत फिरेल."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "नाही. या बागेत खोटं लिहायचं नाही. इथं कुणी एकजण जरी शिकायला आला, तरी त्याला पाटीवर खरंच दिसलं पाहिजे."

"खरं लिहिलं की लुटतात."

"मग जास्त खरं लिहा."

त्यांनी ते कुठल्या अर्थानं म्हटलं ते मला ठाऊक नाही. मी मात्र कुपवाडला जाऊन शब्दशः अमलात आणलं. आमच्या कारखान्यात आजवर बनलेली सगळ्यात मोठी, सगळ्यात जाड पाटी केली. त्यावर लिहिलं :

*आपटा. गेल्या दसऱ्याला हे झाड ओरबाडलं गेलं. बियांसाठी एकही शेंग उरली नाही. पत्ता दिला : दत्तात्रय, कुपवाड. फांद्या नेल्या : त्याची बहीण शालन आणि भजनी मंडळ, सातारा.*

मॅडमनी ती वाचली, पुन्हा वाचली. "ही वनस्पतिशास्त्राची पाटी नाही."

"खोटी आहे का?"

त्यांनी चष्मा पुसला. "नाही."

"मग?"

मुळांपासून लांब खड्डा काढून, लोखंडी खांब काँक्रीटमध्ये बसवून, पाटी रिबेटांनी ठोकून पक्की केली. स्क्रू लावले असते, तर कुणीही काढून नेली असती. म्हटलं, आता हत्ती आला तरी निघणार नाही.

वैशाख

आपटा फुलला. फुलं अगदी साधी, फिकट, बारीक. मुद्दाम थांबलं नाही तर दिसायची नाहीत. मी मुद्दाम थांबलो होतो, तेवढ्यात चढावरून आक्का येताना दिसली. मागून धापा टाकत दाजी.

"काय रं दत्त्या! मला कोपऱ्यावरची किराणावाली इचारती, तुमचं नाव बागंत लागलंय म्हणं, काय देणगी दिली का? आन बघती तर हे! सख्ख्या भनीला पत्र्यावर चढवलीस?"

"माझं नाव आधी आहे, बघ."

"तुजं नाव सांगलीत कोन वाचतंय? मला हितं ऱ्हायचंय! काढ आधी ते!"

"काढतो. या झाडाला धरलेल्या शेंगा वाळू देत. वाळल्या की त्या दिवशी काढतो."

"कवा वाळत्यात?"

"थंडीत. दसऱ्यातून वाचल्या तर."

ती झाडाकडं बघत राहिली. मग दाजींकडं वळून म्हणाली, "ह्येच्या घरचं पानी बी न्हाई प्यायची मी आता." दाजी म्हणाले, "बरं." ते दोन्ही बाजूंनी बरंच म्हणतात.

दसरा, दुसऱ्यांदा

या वेळी खंडेनवमीची पूजा धाकट्या भावावर सोपवून मी आदल्या दिवशीच बागेत गेलो. झाडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची होती. खुर्चीवर आक्का. भोवती भजनी मंडळाच्या बाया सतरंजीवर, टाळांसकट.

मी म्हटलं, "आक्का, तू झाडासाठी…"

"झाडासाठी न्हाई आले. माजं नाव उतरवायला आले. तू माज्याशी बोलू नगंस."

पहिली गाडी आली. उतरलेला माणूस चांगला धट्टाकट्टा, हातात कोयती. "मावशी, जरा सरा. एक डहाळी घेतो."

"आधी पाटी वाच."

त्यानं मोठ्यानं वाचली. "ही शालन कोण?"

"मीच. एका डहाळीपायी माज्या भावानं मला पत्र्यावर चढवलीया. सख्ख्या भनीला! तुजं नाव काय?"

"का?"

"त्यो बग, त्योच हुबा हाय. पाट्याच करतो. गाव कुठलं तुजं? आडनाव सांग."

माझ्या हातात योगायोगानं हातोडा होता. दुसऱ्या एका पाटीचा खांब सरळ करायचा म्हणून आणला होता. त्या माणसानं हातोडा पाहिला, पाटी पाहिली, बायांनी टाळ वाजवायला सुरुवात केली, आणि तो गाडीत बसला. बिरू आनंदानं काठी आपटत म्हणाला, "आयला, लय भारी कुत्रं गावलं राखनीला!" आणि आक्कानं त्याच्याकडं बघताच फाटकापर्यंत पळाला.

दोन्ही दिवस हेच चाललं. तिनं कुणाला समजावून सांगितलं नाही, कुणाच्या पाया पडली नाही. मी ज्या लोकांना बी, रोप, निसर्ग सांगून थकलो होतो, त्यांना तिनं फक्त आडनाव विचारलं. सगळे देवाच्या कामाला आले होते, पण नाव सांगायला एकही तयार नव्हता.

पौष

शेंगा वाळल्या. तपकिरी, कडक, वाऱ्यानं हलल्या की आत बिया वाजायच्या. मॅडम त्या एकेक करून कापडी पिशवीत घेत होत्या. चष्मा कपाळावर, डोळे ओले. थंडी होती म्हणू.

आक्कानं एक शेंग मागून घेतली. दसऱ्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर उभी राहिली आणि ती शेंग माझ्या तळहातावर ठेवली.

"घे सोनं. आता काढ माजं नाव."

मी पिशवीतून छिन्नी काढली आणि रिबेटावर घाव घातला. रिबेट हललं नाही. दुसरा घातला. तिसरा अंगठ्यावर बसला, त्याच काळ्या. खांब मुळासकट उपटावा म्हणून बिरूला हाक मारली, तर मॅडमनी हात आडवा केला.

"काँक्रीट फोडायचं नाही. मुळं त्याच्याखाली गेलीत."

मी आक्काकडं बघायचं टाळलं. आक्कानं मात्र माझ्याकडं बघायचं टाळलं नाही. स्टँडपर्यंत ती माझ्या मागं बोलत आली, आणि त्यातला एकही शब्द मला इथं छापता येण्यासारखा नाही.

पाटी अजून आहे. तुम्ही साताऱ्याला गेलात तर तळ्याच्या वरच्या अंगाला जा, वाचा, झाडाला हात न लावता परत या. कोयती घेऊन जाल, तर खुर्चीवर कोण बसलंय ते आधी बघा.

मॅडमनी रुजवलेल्या रोपांतलं एक आक्काच्या परड्यात आहे. परवा दाजींनी चोरून फोन केला, म्हणाले, दोन पानं आलीत, खुरासारखी. मी म्हटलं, आक्काला द्या. पलीकडून तिचाच आवाज आला.

"ह्येला पाटी लावलीस तर हात मोडीन."

आणि फोन ठेवला. स्टँडवरच्या त्या दिवसानंतर ती आपणहून बोलली, ते एवढंच.